करडीतली बटनं

वडील गेल्यावर मी भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावचं घर बंद करून पुण्याला परत जाईन, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. पण कंपनीनं घरूनच काम करायची मुभा दिलेली होती, आणि पुण्यात तरी माझी वाट कोण बघत होतं? तेरवी आटोपली, बहीण तिच्या घरी गेली, आणि मी राहून गेले.

माझं काम तेव्हा असं होतं: कंपनीच्या सगळ्या वेबसाइटांना लागणारे सुटे भाग एकदाच नीट बनवून ठेवायचे. बटण, यादीतून निवडायचा ड्रॉपडाऊन, तारखेचं कॅलेंडर, पानावर मध्येच उघडणारी चौकट. म्हणजे नव्या प्रकल्पात कुणी ते पहिल्यापासून करत बसायला नको. हे काम माझ्या एकटीवर होतं. बाकीचे लोक दोन ओळींचे निरोप लिहायचे, अंगठ्याचं चिन्ह टाकायचे. त्यांचे चेहरे मला आठवत होते, आवाज विसरत चालले होते.

शेजारच्या काकू कधी पोपटीच्या शेंगा नाहीतर वांगी घेऊन यायच्या आणि दारातच उभ्या राहायच्या.

"दिवसभर त्या डब्ब्यासमोर काय करून राहिली वो पोरी?"

"बटनं बनवून राहिली, काकू."

"मंग माह्या पोलक्याले दोन लावून दे ना."

आम्ही दोघी हसायचो. त्या गेल्या की घर आणखी मोठं वाटायचं.

त्या सुमारास कंपनीनं ठरवलं की अंध माणसांनाही हे भाग वापरता आले पाहिजेत. तपासणीसाठी बाहेरच्या एका संस्थेमार्फत एक बाई नेमल्या. साताऱ्याकडच्या, जन्मापासून अंध, पूर्वी एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. तो आवाज त्या इतका वेगात ठेवायच्या, की मला सुरुवातीला त्यातला एक शब्द कळत नसे.

पहिल्या दिवशी कॉलवर मी माझा सर्वांत देखणा ड्रॉपडाऊन त्यांच्यापुढे ठेवला. पानावरच्या एका गोष्टीवरून पुढच्या गोष्टीवर नेणारी टॅबची कळ त्या बराच वेळ दाबत राहिल्या.

"इथं काहीच नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसतंय का काही?"

"हो, पानाच्या अगदी मधोमध आहे."

"टॅब त्याच्यावरून उडी मारून पुढं जातोय. म्हणजे माझ्यासाठी तो नाहीच."

त्या चिडल्या नव्हत्या. त्यामुळेच मला जास्त लागलं. मी तो सगळा नव्यानं लिहायला घेतला. बाणाच्या कळांनी यादीत खालीवर फिरता यावं, एस्केप दाबल्यावर यादी मिटावी, आणि ती मिटल्यावर माणूस पानाच्या सुरुवातीला फेकला न जाता होता तिथंच राहावा. नमुन्याला काहीतरी यादी हवी होती, म्हणून मी आपल्या जिल्ह्याचे तालुके भरले, गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेले सात.

पुढच्या कॉलवर त्यांच्या यंत्राचा आवाज म्हणाला, "साकोली, सातपैकी पाचवा." मग जरा अडखळून, "लाखांदूर, सातपैकी सहावा."

त्या एकदम हसल्या. "सापडला! पण हे लाखांदूर कुठं आलं हो?"

मी सांगितलं. लाखांदुरावरून पवनी निघालं, पवनीवरून वैनगंगा. तेव्हापासून काम झाल्यावर आम्ही थोडं थोडं बोलू लागलो. मला ताई म्हणायची सवय लागली, आणि त्या मला अगं म्हणू लागल्या. एकदा कॅलेंडर तपासता तपासता त्या मध्येच थांबल्या.

"तुझ्या मागं काय वाजतंय? गिरणी?"

"हडंबा, ताई. धान चुरायचं मशीन."

"आणि ओरडतंय कोण?"

"पोती धरायला कुणी येत नाही म्हणून बाया ओरडतात."

"मजा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं लिफ्टचा आवाज येतो फक्त. भाऊ कामावर गेला, की संध्याकाळपर्यंत मी आणि हे यंत्र." मग म्हणाल्या, "तुझ्या घरातनं मात्र कुणाचाच आवाज येत नाही."

"एकटीच असते मी."

"हं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी कॅलेंडरचा उरलेला महिना त्यांनी फार सावकाश तपासला.

थंडी सरेपर्यंत सगळे भाग तयार झाले. एका सोमवारी मी नेहमीच्या वेळेला कॉल उघडला. 'या बैठकीत तुम्ही एकट्याच आहात,' असं पडद्यावर आलं. मी थांबून राहिले. मग साहेबांचा निरोप आला: तपासणी पूर्ण झाली, त्यांचा करार संपला. मी ताईंचा फोन नंबर मागितला. संस्थेच्या माणसांचे नंबर देता येत नाहीत, असं सभ्य उत्तर आलं. माझा नंबर तरी त्यांना द्या, असं मी लिहिलं. त्यावर अंगठ्याचं चिन्ह आलं. फोन काही आला नाही.

उन्हाळ्यात दुसऱ्या एका प्रकल्पातल्या मुलानं लिहिलं, "तुमच्या ड्रॉपडाऊनमधला कळांसाठीचा जास्तीचा कोड काढू का? काढून पाहिला, दिसण्यात काहीच फरक पडत नाही."

उत्तर लिहायच्या ऐवजी मी त्याला फोन लावला. तो दचकलाच. मी त्याला ताईंचं सगळं सांगितलं, टॅब कसा उडी मारून जायचा तेही.

"बरं, राहू देतो," तो म्हणाला. मग विचारलं, "त्या आता कुठे असतात?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तो कोड त्यानं काढला नाही. नंतर ते भाग कंपनीच्या आणखी कितीतरी वेबसाइटांत गेले. मी अजून करडीतच आहे.