वालाच्या पानावरची पांढरी रेघ

हसण्याच्या गोष्टी मुद्दाम जपून ठेवाव्या लागत नाहीत. एक सांगायला घ्यावी, तर तिचा पदर धरून आणखी चार येतात. ज्या हिवाळ्यात आमच्या पालघरच्या घरी माशीवाले सर यायचे, तेव्हापासून तर माझ्याकडे ढीगच झालाय!

सर मुंबईच्या कॉलेजात शिकवायचे. शनिवारी येऊन आमच्या पडवीत उतरायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. वालाच्या पानावर पांढरी, वाकडीतिकडी रेघ दिसते ना, ती एका अळीची वाट. पानाच्या दोन सालींमध्ये राहून ती आतलं हिरवं खात जाते आणि मग तिची तिळाएवढी माशी होते. ही माशी नेमकी कुठली आणि आपल्या भागात कुठे कुठे सापडते, एवढं सरांना शोधायचं होतं. रेघांची पानं बरणीत घालायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि माशी निघायची वाट बघायची. आठवडाभर बरण्या सांभाळायचं काम माझं, घरातली सातवी शिकलेली सून म्हणून.

*

घिवलीला माझी नणंद दिलेली. सर तिकडे गेले आणि भिंग घेऊन वाडीत वाकून वाकून बघू लागले. तेव्हा किनाऱ्यावर वीजघराचं काम निघालेलं. कुणीतरी उठवलं, हा जमिनीचा साहेब, ज्याच्या पानावर रेघ त्याची जमीन जाणार! तासाभरात अख्ख्या आळीने रेघांची पानं खुडून चुलीत घातली. सर हात हलवत परत आले आणि वहीत लिहिलं, 'घिवली : नाही.'

पुढे नणंद आली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "होती गं वैनी, मोप होती. पण सांगतंय कोण?"

*

मासवणची बुधीबाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. खराब पानं नेहमी तळाशी दडवायची, वर चांगली. सरांना रेघांचीच पानं लागतात हे कळल्यावर पाटी उलटी लागायला लागली, किडकी वर, चांगली तळाशी. दारातूनच हाक, "घ्या सायेब, आज एकदम झकास किडकी हायेत!"

*

एका रविवारी आमच्या दहा महिन्यांच्या बेबीने बरणीतलं पान चघळलं. अळी पोटात गेली, आता आतून रेघा ओढणार! सरांनी परोपरीने सांगितलं, ती पानाबाहेर जगत नाही. मी पुन्हा पुन्हा विचारतेच आहे. शेवटी वैतागून सरांनी अळीसकट एक पान स्वतः चावून खाल्लं.

मग काय, बेबी खेळत होती आणि मी दिवसभर दर तासाला पडवीत जाऊन सरांचं तोंड बघत होते.

*

माश्या निघायला लागल्या, पण सगळ्या माद्या. सर म्हणाले, नर मिळाल्याशिवाय नाव नक्की करता येत नाही, आणि आता परीक्षा आल्या, या रविवारनंतर येणं नाही. सासूबाई बेबीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरात पोरीच येतात, सर. तुमी दुसरं घर बघा."

*

तो शेवटचा रविवार. एकच बरणी उरली होती. मुंग्या लागतील म्हणून मी ती बेबीच्या मच्छरदाणीत, पायथ्याशी ठेवली. दिवस कलताना बेबी रडली म्हणून धावले, तर फडकं तिच्या मुठीत आणि माशी मच्छरदाणीत!

जाळी उचलावी तर माशी जाते, नाही उचलावी तर पोर भुकेने लाल. मी जमिनीलगत सरपटत आत शिरले आणि सासूबाईंनी कडा दाबून खोचल्या. सर माशी पकडायची काचेची नळी घेऊन धावत आले. सासूबाई म्हणाल्या, "बाहेर थांबा. पोर पितेय." नळी तेवढी आत आली.

बेबी पिता पिता झोपली. माशी माझ्या डोक्याशी जाळीवर बसली. मी श्वास धरून नळी वर टेकवली, खालून अंगठा सरकवला. सापडली! पण बेबी मांडीवर, हलायची सोय नाही. पदर सारखा केला, तेव्हा सासूबाईंनी सरांना खोलीत घेतलं. त्यांनी बाहेरूनच जाळीला भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"वहिनी, नर आहे," ते कुजबुजले.

तिकडे त्यांची गाडी सुटल्याची शिट्टी झाली. त्यांना ऐकूच आली नाही. तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी आणून, ते एवढे मोठे प्रोफेसर आमच्या खोलीत नाचायला लागले.

सासूबाईंनी बेबीकडे बघितलं, मग सरांकडे.

"नाचा हवं तर," त्या हळूच म्हणाल्या, "पण पाय वाजवू नका."