बेसमेंटमधला स्टॉपर

आमचा स्टॉपर घरात उलटा चालायचा. जेवण झालं की ताट उचलायचा आणि आमच्याकडे तोंड करून टेबलापासून सिंकपर्यंत मागे मागे जायचा. एकदाही कशाला धडकला नाही, पण माझा जीव ताटात अडकलेला असायचा. शेवटी वैतागून म्हटलं, "बाबा रे, माणसासारखा चाल की!" तर म्हणतो कसा, "सॉरी. आमच्या धंद्यात समोरच्याला पाठ दाखवली की गोल होतो." बावीस वर्षांचा इटालियन मुलगा, सहा फूट उंच, पोटापाण्याचा उद्योग फुटबॉल आणि जागा बचावफळीच्या मधोमध.

अमेरिकेत आमच्या बॉथेल गावाजवळच्या एका छोट्या क्लबला खेळाडूंसाठी खोल्या हव्या होत्या आणि आमचं बेसमेंट रिकामं होतं. बाबा गेल्यापासून माझी आई आमच्याकडेच असते. तिला सगळे माई म्हणतात. माई पक्की कोल्हापूरची, आणि बाबा पेठेच्या टीममधून खेळलेले, त्यामुळे फुटबॉल तिला कुणी शिकवायची गरज नाही. मुलगा दारात आला तसं तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "स्टॉपर काय रे?" तो उडालाच. अमेरिकेत हा शब्द त्याला कुणाच्या तोंडी ऐकू आला नव्हता. पण त्याच्या गावी त्याचे आजोबा हाच शब्द वापरायचे. झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं स्टॉपर. तो मात्र तिला अदबीनं 'सिन्योरा' म्हणत राहिला.

आठव्या वर्षी एका मोठ्या क्लबनं त्याला उचललं होतं. अठराव्या वर्षी सांगितलं, मुख्य संघात जागा नाही, लोनवर जा, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे उसना. मग एका गावाहून दुसऱ्या, दुसऱ्याहून तिसऱ्या. हे ऐकून माई हळहळली, "साखरेच्या वाटीगत शेजारीपाजारी फिरवलं की रे पोराला!" मी भाषांतर केलं तेव्हा तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "हो, आणि प्रत्येकानं थोडी थोडी साखर काढून घेतली."

इथे तो जम बसवत होता. तेवढ्यात मे महिन्यात, साध्या सरावात, गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं. काँट्रॅक्ट सीझनच्या शेवटापर्यंतचं होतं, आणि काँट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला. हे गणित आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्टॉपर बेसमेंटमध्ये पडून राहायला लागला. वर जेवायलाही येईना.

योगायोग असा, की महिनाभर आधीच माईचा गुडघा बदलला होता. जिना एकटीनं उतरायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. एका दुपारी मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असताना खालून आरडाओरडा ऐकू आला, "माई! माई!" धावत आले तर काय! माई कठडा धरून निम्मा जिना उतरलेली, "आले रे बाळा, आले!" म्हणतेय, आणि खालून कुबड्या सावरत, पांढराफटक पडलेला स्टॉपर तिला धरायला येतोय. दोघं मधल्या पायरीवर बसले. तो बिचारा फोनवर वडिलांशी बोलत होता. इटालियनमध्ये 'माई' म्हणजे 'कधीच नाही'. "मी पुन्हा खेळणार नाही, कधीच नाही, असं सांगत होतो," तो मान खाली घालून म्हणाला. मी माईला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "असू दे. हाक मारलीस, मी आले. आता हाताला धर आणि वर चल. जेवलास काय?"

दुसऱ्या दिवसापासून दिवाणखान्यात दोन चटया पडल्या. टाचेला टॉवेल अडकवून गुडघा दुमडायचा, तीस वेळा. मोजणी मराठीत. त्याला 'एकोणतीस' काही जमेना, तो अठ्ठावीसवरून थेट तीसवर उडी मारायचा. "लबाडी नको, पहिल्यापासनं मोज!" माई दटावायची. कळवळून तो "बास्ता, बास्ता", म्हणजे 'पुरे, पुरे', म्हणाला, तर ही म्हणते, "बस्ता लग्नात बांधतात. गप ओढ." पावसाळी सकाळी मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि या दोघांच्या भांडणापायी ऑफिसच्या कॉलवर मला म्यूट शोधावं लागायचं.

तो बरा झाला, डॉक्टरांनी वर्तवलं होतं त्याच्या आधीच. सीझनच्या शेवटच्या सामन्यात क्लबनं त्याला दहा मिनिटं खेळवलं. दहा मिनिटं त्यानं कुणाला आत येऊ दिलं नाही. चार दिवसांनी मॅनेजरनं बोलावून सांगितलं, काँट्रॅक्ट वाढवत नाही. घरी येऊन तो आमच्यासमोर नुसता उभा राहिला. माई म्हणाली, "रडायचं तर रडून घे. पण आत्ताच. पोळ्या गार व्हायला लागल्यात." तो मोठ्यानं रडला. मीही रडले. मग त्यानं पाच पोळ्या खाल्ल्या आणि आठवड्याभरात सामान बांधलं.

आता तो इटलीत, तिसऱ्या पातळीवरच्या लीगमधल्या एका गावाच्या टीममध्ये आहे. वर्षभराचा करार आहे. त्यांची दुपारची मॅच आमच्याकडे सकाळी सहाला दिसते. माई आंघोळ उरकून लॅपटॉपसमोर हजर असते. गेल्या रविवारी एक दांडगा फॉरवर्ड थेट त्याच्या त्याच गुडघ्यावर येऊन आदळला. स्टॉपर पडला तो उठेना. डॉक्टर धावले. कॉमेंट्रीतलं आम्हाला अक्षर कळत नव्हतं. माझ्यानं बघवेना. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर माईनं तो झिडकारला. "थांब. पोरगं पडलंय, आणि तू दार लावतेस?"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यानं एक हात जमिनीला टेकला आणि हळूहळू उठून उभा राहिला.

"उभारला!" माई ओरडली. "उभारला गं माझा स्टॉपर!" आणि हुंदके देऊन रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला, तर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझ्याकडं काय बघायलीस? चहा टाक. अजून अर्धी मॅच आहे."