माले येथील एक स्थानिक

ती बातमी मीच लावली. तालुक्याचं पान पाचला छपाईला सोडायचं होतं, खाली कोपऱ्यात चार ओळींची जागा उरली होती, आणि पौडच्या बातमीदाराचा मजकूर आला: मालेजवळ वाहनाच्या धडकेत स्थानिक ज्येष्ठाचा मृत्यू. खाली त्याने लिहिलं होतं, ‘नाव अर्ध्या तासात मिळेल, फोन करा.’ मी केला नाही. मजकूर चार ओळींत बरोबर बसत होता. पान सोडलं, चहा घेतला आणि मामीचा फोन आला... ती बोलत होती आणि मी स्क्रीनवर त्याच चार ओळी बघत होते. तो ज्येष्ठ म्हणजे माझा बबनमामा. छपाई थांबवून नाव घालता आलं असतं, पण माझा हातच उचलला गेला नाही. का, ते आजही सांगता येत नाही.

याला सहा आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. कुणी विचारलं की मी ‘बरी आहे’ म्हणते आणि कामाला लागते.

मामा पौडच्या शाळेत शिपाई होता. शिक्षकांचा पेपर वाचून झाला की घरी न्यायचा. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही, रद्दीतली मासिकंसुद्धा सोडायचा नाही. मी उपसंपादक झाले तेव्हा त्याने अख्ख्या मालेत पेढे वाटले आणि पुढच्याच रविवारी भूगावच्या आमच्या फ्लॅटवर पेपरांची गुंडाळी घेऊन हजर! जिथे जिथे ‘स्थानिक’ शब्द, तिथे लाल पेनाची रेघ.

“ह्ये बग,” म्हणाला, “रस्त्याला आडवं गेलो की आमी स्थानिक. बुडनाऱ्याला धरनातनं भाईर काडला, तरी स्थानिक. ह्या मासिकात म्हनत्यात, स्थानिक बायांच्या हातचं पिठलं खावा. आन् तिकडं शहरात, कोथरूडात पानी आलं न्हाई, तर?”

“तर काय?”

“नागरिक! नागरिक संतप्त! चांदनी चौक वलांडून शहराभाईर पडला की मानूस स्थानिक व्हतो व्हय गं?”

मला हसू आलं. “अरे मामा, नावं द्यायला जागा नसते.”

“धरनाला, तुमच्या फ्लॅटास्नी, जागा तर आमीच दिली की समद्यास्नी. दोन शब्दांची आमाला न्हाई?” हे मात्र तो हसत म्हणाला नव्हता.

समासात तो नावं लिहायचा. पिठलं करणारी कोण, बुडणाऱ्याला काढणारा कोण... एसटीने त्या त्या गावी जाऊन विचारून यायचा. पिठलंवाली तर त्याचीच चुलतबहीण निघाली. दर रविवारी तेच ऐकून मी कंटाळायचे, एकदा तर “पुरे आता, डोक्याला ताप झालाय” असं तोंडावर म्हणाले. त्याने गुपचूप गुंडाळी बांधली आणि तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवून निघाला. त्यानंतर मात्र मी प्रत्येक बातमीला फोन करून नाव विचारू लागले. बातमीदार वैतागायचा, “मॅडम, चार ओळींना कशाला हवंय नाव?” तरी विचारायचे. त्याच एका दिवशी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी नावासकट पुन्हा देऊ म्हटलं, तर बातमी शिळी झाली होती. ‘शिळी झाली’ हे उत्तर मी कितीतरी जणांना स्वतः दिलंय.

गेल्या आठवड्यात मालेला गेले. मामाच्या खोलीत ट्रंकेवर पेपरांचा तो गठ्ठा तसाच होता. सगळ्यांत वर आमचा पेपर, ती बातमी आलेला. चार ओळींत एका शब्दाखाली वाकडीतिकडी लाल रेघ. मामीला लिहिता-वाचता येत नाही, पण इतक्या वर्षांत तो एक शब्द नुसता बघून तिला कळायला लागला होता. समास कोरा होता.

“ही बातमी मी लावली, मामी,” मी म्हटलं. “नाव विचारलं नाही मी.”

तिने पेपरची घडी सरळ केली. मग म्हणाली, “म्हाईत हाय. ते पान माझी भाची लावती म्हनून ह्येच समद्यास्नी सांगायचे.” आणि कोनाड्यातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. “मला कुटं लिवता येतंय? लिव तू.”

मी लिहिलं. बबन रामभाऊ शेडगे. मामीने त्यावरून हळूच बोट फिरवलं.

“बसलं का गं जागंत?”

“बसलं, मामी,” मी म्हटलं. “बसून वर जागा उरली...”