चपला काढून पाहायचा सिनेमा

आमच्या आत्याच्या यजमानांइतका धर्मनिष्ठ माणूस त्या काळी साऱ्या नागपुरात नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि त्यांना देवळात गेलेलं मी कधी पाहिलं नाही, हेही त्याच शपथेवर. त्यांचं देऊळ बर्डीवर होतं. तिथं तिकीट काढावं लागे, दाराशी खारे दाणे मिळत आणि देव रोज चार खेळ करी. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. मी कॉलेजसाठी महाल भागातल्या त्यांच्या घरी राहायला निघालो, तेव्हा मामाजींच्या वळणावर जा, असं वडिलांनी मला बजावलं होतं. पहिल्याच रविवारी मामाजींनी मला सकाळी आंघोळीला पिटाळलं, स्वतःच्या हातानं कपाळाला गंध लावलं आणि मॅटिनीला नेलं. वडिलांची आज्ञा इतक्या आनंदानं मी पुढं कधीच पाळली नाही.

पारोशानं सिनेमा पाहायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की जागेवर बसलं की चपला काढून खुर्चीखाली ठेवायच्या. जिथं चार ज्ञानाच्या गोष्टी ऐकायच्या तिथं पायात चामडं कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते बसत खालच्या वर्गात, पडद्याच्या अगदी जवळ, आणि तिथली जमीन उतरती. खेळ सुटेपर्यंत चपला घसरत कुठल्या कुठं गेलेल्या असत, नाही तर दुसऱ्याच कुणाच्या पायांतून घरी पोचलेल्या असत. मग मामाजी मे महिन्याच्या डांबरावरून, या सावलीतून त्या सावलीत उड्या मारत घरी येत. आत्या दारातच विचारी, "आज काय शिकून आले?" मामाजी बादलीत पाय बुडवून गंभीरपणे सांगत, "वैराग्य." चौकातला चांभार त्यांच्या मापाचा एक जोड कायम तयार ठेवत असे.

त्यांना बोध कशातून मिळेल याचा नेम नव्हता. एकाच गाण्यात नटी चार साड्या बदलते यावर आम्ही हसायचो, तर मामाजी म्हणत की देह बदलतो आणि जीव तोच राहतो, हे याहून सोपं करून कुणी दाखवावं? खलनायकाबद्दल त्यांना नितांत आदर होता. कामाला कधी उशीर नाही, आळस नाही, आणि हाताखालची माणसं इतकी मूर्ख असूनही चिकाटी सोडत नाही. हे गुण नायकात असते तर सिनेमा मध्यंतरातच संपला असता, असं ते ऑफिसातल्या कारकुनांना ऐकवत. मध्येच वीज गेली आणि पब्लिक शिट्ट्या मारू लागलं की मामाजी डोळे मिटून बसत, कारण भगवंतानं स्वतःहून ध्यानाला वेळ दिलेला असे. पण त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत होता तो अंधारात बॅटरी दाखवून जागेवर बसवणाऱ्या माणसाचा. "गुरू म्हणजे तोच गा," ते मला म्हणाले होते. "तो फक्त तुह्या खुर्चीवर उजेड पाडते. पिक्चर तुले तुह्याच डोळ्यांनी पाहावं लागते."

गल्लीतले लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन येत आणि मामाजी वैद्यानं काढा लिहून द्यावा तसे सिनेमे सांगत. कुणाचा मुलगा वाया चालला असेल त्याला एक, कुणी कारणाशिवाय उदास असेल त्याला दुसरा, तोही बाल्कनीतून, कारण उदास माणसाला उंचीवर बसवलं पाहिजे. औषध कधी कधी उलटेही. शेजारच्या एका सासूला त्यांनी सुनेच्या छळाचा सिनेमा पाहायला धाडलं. सासूबाई डोळे पुसत परत आल्या, आणि पडद्यावरच्या सासूकडून दोन-तीन नव्या युक्त्या शिकून आल्या. ती सून पुढं कित्येक महिने मामाजींना पाहिलं की पदर तोंडावर ओढून घेई.

मात्र मामाजी स्वतः रडत ते एकाच प्रकारच्या सिनेमाला. लहानपणी जत्रेत ताटातूट झालेले भाऊ शेवटच्या रिळात एकमेकांना ओळखतात, त्या सिनेमाला. गळ्यातला ताईत दिसायच्या आधीच यांचा रुमाल बाहेर. असे सिनेमे ते पुन्हा पुन्हा पाहत आणि जेवताना त्यांचं सार सांगताना त्यांचा घास हातातच राही. एकदा सांगून झाल्यावर आत्यानं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "तुमचा तं जत्रेत नाही हरवला. खाप्याले आहे. मोटार जाते तिथं."

मामाजी पानावरून उठून गेले. मला तेव्हा कळलं, की त्यांना एक धाकटा भाऊ होता आणि कित्येक वर्षांत दोघांत शब्द नव्हता. भांडण होतं खापा या त्यांच्या गावच्या शेतातल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे दोघांच्या बांधावरच्या, आंब्याच्या झाडाचं. झाड कुणाचं यावरून बोलणं बंद झालं, आणि पुढं एका वादळात ते झाड पडलंसुद्धा. पण तोवर अबोला इतका जुना झाला होता, की त्याला झाडाची गरज उरली नव्हती. साऱ्या गल्लीला बोध वाटणाऱ्या या माणसाला आपल्या औषधाची पुडी स्वतःसाठी कधी उघडता आली नाही. मला त्यांचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त कीव.

मी शेवटच्या वर्षाला असताना आत्याला जावेकडून निरोप आला. धाकट्यांचे दोन्ही डोळे अधू झाले होते. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं होतं आणि दृष्टी येईल की आहे तीही जाईल, हे डॉक्टर सांगत नव्हते. धाकटे चार दिवसांपासून नागपुरातच, एका धर्मशाळेत उतरले होते. आत्यानं हे सगळं मामाजींच्या पाठीकडे पाहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा वार असूनही ते सकाळी लवकर न्हाले, गंध लावलं आणि मला सोबत चल म्हणाले.

धर्मशाळेच्या ओट्यावर धाकटे बसले होते. अंगणात पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली, पण ओळखलं ते मामाजी खाकरल्यावर. ताईत वगैरे काही निघालं नाही. मामाजींनी विचारलं, जेवला का? ते म्हणाले, जेवलो.

"चाल, पिक्चर पाहू," मामाजी म्हणाले.

"मले कुठं दिसून राहिलं आता, भाऊ."

"मले दिसते ना. मी सांगतो तुले."

त्या दिवशी मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो होतो. कोणता सिनेमा होता ते मला आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. मामाजी भावाच्या कानाशी लागून सांगत होते, आता तो घोड्यावरून उतरला, आता नदीवर पाणी पिऊन राहिला, आता मागून कोणी आलं. लोक गप्प बसा म्हणत होते. तीन तासांत त्यांनी एकही बोध काढला नाही.

घरी पोचलो तेव्हा आत्या दारातच थबकली. मामाजींच्या पायात चपला होत्या, सकाळी घालून गेले होते त्याच. धाकटे हसले. लहानपणी खाप्याला कन्हान नदीच्या रेतीत तंबूतला सिनेमा यायचा, त्यांनी सांगितलं, आणि त्यांचे वडील दोघांना चपला काढून बसवायचे. "भाऊचं सारं ध्यान पडद्याकडं. त्याच्या चपलांवर पाय दाबून मी बसो."

ऑपरेशन झालं. एका डोळ्याला थोडा उजेड आला, दुसऱ्याला तोही नाही. पण त्यानंतर संत्र्यांच्या हंगामात धाकटे दरवर्षी टोपली घेऊन येत, दोघं मॅटिनीला जात आणि पब्लिकच्या शिव्या खाऊन चपलांसकट परत येत. चौकातल्या चांभाराचं तेवढं नुकसान झालं.

मामाजी गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि दाराशी चपलांचा ढीग पडला होता. धाकट्यांना खाप्याहून आणलं. त्यांनी आत जाऊन भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग बाहेर आले आणि त्या ढिगाशी चाचपडत वाकले. थोड्या वेळानं पाहतो तर ते उंबऱ्यावर बसलेले, आणि पायाखाली मामाजींच्या चपला. मी म्हटलं, काका, आत चला, इथं ऊन लागेल.

"राहू दे गा," ते म्हणाले. "गर्दी लई आहे. चपला जातीन."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.