रेघेचं दुसरं टोक

मॅडम माझ्या कागदावरच्या रेघेच्या टोकाशी बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "ह्या टोकाला विचारलंस का?"

गावात कोण कुणाकडं मदतीला जातं ते विचारायचं, प्रत्येक घरासाठी एक गोल काढायचा आणि गोल बाणांनी जोडायचे. माणसांच्या जाळ्याचा असा अभ्यास करता येतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. दर महिन्याला कुठल्या तरी कचेरीची नवी पाटी लागायची, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मी एम.फिल. करत होते. त्या नांदेडहून आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला आलेल्या. तुमच्याही पाहण्यात अशा एखाद्या मॅडम असतील, वर्गात कडक आणि बसस्टँडवर शेजारच्या बाईचं माहेर पाच मिनिटांत काढणाऱ्या.

पहिल्या दिवशी आम्ही औशाच्या पुढं एका फाट्यावर उतरलो आणि गावात चालत गेलो. पहिल्याच घरी मी वही उघडून विचारलं, "गावात आपले कोणाकोणाशी संबंध आहेत?"

"समद्यासंगंच हायेत की," ओट्यावरची म्हातारी म्हणाली.

पुढच्या घरीही तेच. सहाव्या घरापर्यंत माझ्या वहीत सगळं गाव सगळ्यांचं सोयरं झालं होतं. मॅडम मागं फिरून त्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन टेकल्या.

"मावशी, काल पाणी कुठून आणलं?"

म्हातारीनं तीन घरं सांगितली. कुठं सकाळी जायचं आणि कुठं मालक शेतात गेल्यावर, तेही सांगितलं.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "संबंध विचारलं की माणूस शोभेल ते सांगतो. कालचं विचारलं की घडलेलं सांगतो."

घरांची यादी करायला सांगितली तेव्हा मी वेशीच्या आतली घरं लिहून आणली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नेलं. माझी यादी नऊ घरांनी वाढली. मी ओशाळले. "माझा बाप रेल्वेत लागला तोवर आमचं घरही असंच यादीबाहेर होतं. म्हणून मला लवकर दिसतं," त्या सहज म्हणाल्या. त्या बौद्ध घरातल्या होत्या. एरवी स्वतःबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत.

त्या वस्तीतल्या एका बाईनं सांगितलं, पाणी गावातल्या एका घरची सून देते. मी बाण काढला. मॅडमचं बोट आलंच. मग मी त्या घरी गेले. सून भाकरी थापत होती, सासू शेजारी बसलेली.

"न्हाई बाई. आमी कुणालाच देत न्हाई," सून म्हणाली.

मी बाहेर येऊन बाण खोडायला लागले. मॅडमनी माझा हात धरला.

"सासू कुठं होती?"

"तिथंच होती."

"मग ती पोरगी सासूच्या माघारी पाणी देऊन राहिली. आता सांग, तुझी ही वही सासूच्या हातात पडली तर?"

त्या दिवसापासून वहीतली नावं गेली आणि नंबर आले. कुठला नंबर कोण, ह्याची एकच यादी राहिली. ती मॅडमच्या खोलीत ट्रंकेत असायची.

नकाशा पुरा झाला तेव्हा मला फार आनंद झाला. दिवसातून दोन वेळा तो उलगडून बघायचे. मॅडम नांदेडला गेल्या होत्या तेव्हा कॉलेजातल्या एका परिसंवादात मी तो मांडला, त्यांना न विचारता. बोलता बोलता कोणत्या भागातल्या घरांना शेजाऱ्यांकडून पाणी मिळतं तेही सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी पाणीटंचाईचं काम बघणारे एक साहेब प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन मॅडमच्या खोलीवर आले. मी तिथंच होते.

"लई कामाचा नकाशा आहे, मॅडम," ते म्हणाले. "ज्यांना शेजाऱ्याकडून मिळतंय त्यांना टँकरमधून वगळता येईल. नंबरांची नावं तेवढी द्या."

मॅडमनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. "साहेब, जिनं दोन घागरी दिल्या, तिच्या घरी त्या दिवशी दोन कमी होत्या. ते ह्या कागदावर दिसत न्हाई."

"ते आम्ही बघून घेऊ. यादी उद्या पाठवा." चहा अर्धाच ठेवून ते गेले.

मी काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. रडू आवरेना. मॅडम रागावतील म्हणून वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "चूक माझी. नकाशा कुणापुढं मांडायचा आणि कुणापुढं नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी शेवटी ठेवलं."

मग त्यांनी ट्रंकेतून यादी काढली. स्टोव्ह अजून चालू होता. पाऊस झाल्यावर त्याच घरांना पुन्हा विचारायचं, दुष्काळात जोडलेलं काय टिकतं ते बघायचं, ह्यावर त्यांची पीएच.डी. उभी होती. यादीशिवाय दुसरी फेरी होणार नव्हती.

"मॅडम, परत कसं विचारणार?"

"न्हाई विचारणार."

त्यांनी ती यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सावकाश वाचली, उत्तरपत्रिका वाचावी तशी. मग कागदाचं टोक जाळावर धरलं.

प्राचार्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, की यादी आता नाही. यादी नव्हती म्हणून की आणखी कशामुळं, मला माहीत नाही, पण त्या गावाचा टँकर चालू राहिला. दोन महिन्यांनी संस्थेनं मॅडमची धर्माबादच्या कॉलेजात बदली केली. माझं एम.फिल. त्या नंबरांवर झालं. त्यांची पीएच.डी. राहिली ती राहिलीच. पुढं पत्रांतून मी दोनदा तो विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी करणारं उत्तर पाठवलं.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मी एकटीच त्या गावात गेले. काम काहीच नव्हतं. पहिल्या घरची म्हातारी ओट्यावरून माझ्या मागं आणखी कोण येतंय ते बघत राहिली.

"त्या बाई आल्या न्हाईत?"

"त्यांची बदली झाली, मावशी. धर्माबादला."

"लई लांब हाय का?"

"लांब आहे. नांदेडच्याही पुढं."

म्हातारीनं विचारलं, "तिथं पाणी हाय का?"

"हाय. गोदावरी जवळ आहे."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि मला बसायला पोतं पसरून दिलं.