तांबेरा मोजणाऱ्या बाई

गव्हाच्या पानावर तांबेरा, म्हणजे तांबड्या पुडीसारखा दिसणारा रोग, किती चढलाय हे नुसत्या नजरेने मोजायचं काम बाईंनी बावीस वर्षं केलं. संशोधन केंद्रात शेकडो वाणांच्या ओळी असत. मधेमधे पटकन आजारी पडणारा गहू मुद्दाम पेरायचा, त्याला रोगाचं पाणी टोचायचं आणि शेजारच्यांत कोण तग धरतो ते बघायचं. बाई वाफ्यात उकिडव्या बसत, पान बोटांत उलटसुलट करत आणि शंभरातलं किती पान तांबडं झालंय तो आकडा सांगत. पाच. दहा. ऐंशी. आकडा मोठा की वाण बाद.

स्वभाव तिखट. शिकायला आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याला त्यांनी भर उन्हात चाळीस वाफे तीनदा मोजायला लावले होते. तोच पुढे त्यांचा जावई झाला. त्याने सात वर्षं खपून स्वतःचा वाण काढला.

बाईंनी त्या वाणाला साठ दिले.

रविवारी तो बाईंच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे जेवायला आला. हात पुसत म्हणाला, "आई, वीस लिहा ना. घरचंच तर आहे."

"पान माझा जावई नाही," बाई म्हणाल्या.

मुलीने नवऱ्याचं ताट उचललं.

पंधरा दिवसांनी वाण निवडायला वरिष्ठांची समिती आली. सगळ्यांदेखत जावयाने काचेच्या दोन पट्ट्यांत दाबलेलं एक पान बाईंपुढे ठेवलं.

"काच काढा. बोट लावल्याशिवाय मी सांगत नाही."

"बावीस वर्षांची नजर ना बाई तुमची? काचेला कशाला घाबरता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंना ते झोंबलं. पान उजेडात धरून त्या म्हणाल्या, "चाळीस."

जावयाने काच उघडून पान रुमालाने पुसलं. खाली हिरवंगार. "विटेची पूड आहे, साहेब."

सगळे हसले. थट्टा असेल म्हणून बाईही हसल्या. बाकीचे थांबले तरी त्या थोडा वेळ हसतच राहिल्या.

बाईंचे त्या हंगामाचे आकडे रद्द झाले. फेरमोजणी जावयाने केली. त्याच्या वाणाला वीस मिळाले. बाईंना रोपांचे ट्रे धुवायला बसवलं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"पूड मीच वस्त्रगाळ करून दिली. जाडीभरडी तू ओळखली असतीस."

वाण शेतांत गेला. तिसऱ्या वर्षी कोसभर गहू तांबडा झाला. चौकशी लागली. जावई तोवर मुख्य कार्यालयात पोचला होता. मुलगी कागद घेऊन आली. फेरमोजणीही बाईंनीच केली, असं त्यावर लिहिलं होतं.

"सही कर, आई. नाहीतर त्यांची नोकरी जाईल. तुझं आता काय जायचंय?"

"साठ होते गं."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय? सही कर."

बाईंनी केली.

"तारीख तेव्हाची टाक."

तीही टाकली. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं.

त्यानंतर बाई नऊ वर्षं जगल्या. ज्यांचं पीक गेलं होतं ते रस्त्यात दिसले की तोंड फिरवत. खरा आकडा बाईंनी कुणालाच सांगितला नाही. मुलगी अधूनमधून फोन करायची. तब्येतीचं विचारायची नाही.

"कुणाशी काही बोलली नाहीस ना?" एवढंच.