गाड्या फोडायचा गेम

बाबांना गेम शिकवायची अक्कल मलाच सुचली, त्यामुळे दुसऱ्या कोणाला बोलायची सोय नाही. पण एवढं डोकं खाणारा विद्यार्थी मी जन्मात पाहिला नाही.

अमरावतीला आमच्या पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. मी कोर्स करत होते म्हणून बाबांनी कुठूनतरी आणून दिला होता. कोर्स राहिला बाजूला, मैत्रिणीने दिलेल्या एका सीडीने मला वेड लावलं. गेमचं नाव शर्यत, पण शर्यत कसली, नुसती फोडाफोडी. भंगारातल्या वीस गाड्या सोडायच्या आणि एकमेकींवर घालायच्या. दुसऱ्याची गाडी उलटवली की पॉइंट, काच फोडली की पॉइंट, त्याचा ड्रायव्हर काचेतून बाहेर फेकला गेला तर जास्तच पॉइंट. आई म्हणायची, "पोरीच्या जातीनं हे काय शिकून राहिली व?" मी वीस वर्षांची होते. भारनियमनात सहा-सहा तास लाइट जायची आणि जेव्हा असायची तेव्हा कूलरला पाणी नसायचं. राग काढायला मला दुसरी जागा नव्हती.

बाबा काळी-पिवळी चालवत, अमरावती ते अकोला. जीप दहा जणांची, बसायचे चौदा. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही, हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवत. त्या वर्षांत त्यांच्या गाडीत लग्नाला जाणारी माणसं कमी झाली होती. दवाखान्यात जाणारी, कलेक्टर ऑफिसात कागद घेऊन जाणारी वाढली होती. मधूनच मुंबईचे पत्रकार अख्खी गाडी मागायला यायचे आणि कोणत्या गावात परवा कोणत्या शेतकऱ्याने जीव दिला ते विचारायचे. बाबा त्यांना गाडी खराब आहे म्हणून सांगत. अशा दिवसानंतर ते गप्प असत, म्हणून एका रविवारी दुपारी मी म्हटलं, बाबा, बसा, गंमत दाखवते.

पहिला प्रश्न आला, "हॉर्न कुठी हाय याले?"

"इथं हॉर्न नसते बाबा. समोरच्याले ठोका."

"कायले ठोकू? त्यानं माह्यं काय बिघडवलं?"

घ्या. ज्या गेममध्ये ठोकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तिथे हा माणूस मागच्याला साइड देत होता. वळणावर अंग तिरपं करून खुर्चीसकट वळत होता. ते एक वेळ चाललं असतं. पण दर दोन मिनिटांनी डावीकडून कोणीतरी येऊन त्यांना आडवं करायचं आणि ते विचारायचे, "कोणं मारलं मले?"

"डावीकून आला ना! एवढी लाल गाडी दिसत नाही तुमाले?"

"नव्हती तिथं."

"होती!"

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी डोक्याला हात लावून बसायची. एकदा लाल गाडीने अर्धा स्क्रीन भरला तरी बाबा आपले सरळ समोर बघत बटणं दाबत होते. वर त्या दुपारी कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलेला चहा त्यांनी कोपराने सांडला. महिन्यातली तिसरी वेळ. मी इतकी ओरडले की शेजारची बाई डोकावून गेली. बाबा मात्र फडक्याने टेबल पुसत, जरा चिडूनच म्हणाले, "याच्यात बाजूले कोणी बसत नाही काय?"

तेव्हा मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं खुसपट. बह्याडासारखी, वेड्यासारखी हसले मी.

नंतरच्या बुधवारी माझी परीक्षा अकोल्याला होती, म्हणून बाबांच्याच गाडीत गेले. त्यांनी मला पुढे बसवलं, पण मधे. डाव्या खिडकीची जागा फुलवाल्या मावशीची. ती वलगावची, झेंडू-शेवंतीची टोपली मागे बांधून रोज अकोल्याला जायची. ती जागा बाबा कोणाला देत नसत. एकदा एका साहेबाला त्यांनी त्या जागेवरून उठवलं होतं आणि तो रागारागाने दुसऱ्या गाडीत गेला होता. आमच्याकडे पुढे खिडकीशी बसलेला माणूस ड्रायव्हरला बाजू सांगतोच, त्यात काही नवल नाही. ओव्हरटेक करताना एखादा शब्द, झालं. पण मावशी बडनेऱ्यापासून जी सुरू झाली ती थांबेचना. "सायकल हाय, उजव्यानं घे. मोकळं. मोकळं. बकऱ्या हायेत, हळू. बुढा उभा हाय. मोकळं." मी परीक्षेची वही उघडलेली, आणि ही बाई कानाशी पोथी वाचल्यासारखी. मूर्तिजापूरला मी वही मिटली. तिथून पुढे मी फक्त बाबांकडे पाहिलं. त्यांची मान एकदाही डावीकडे वळली नाही. मावशी "मोकळं" म्हणाली की गाडी पुढे जायची, ती थांबली की गाडी मंदावायची.

अकोल्याला उतरल्यावर मी टोपलीला हात लावायच्या निमित्ताने मावशीला गाठलं. "मावशी, तुमी कायले सांगून राहिल्या सारं?"

"मंग? त्याले डावीकळचं दिसत नाही ना माय."

"तुमाले कधीपासून मालूम?"

"दिवाळीपासून. स्टँडवर सगळ्याइले मालूम हाय."

"आणि तरी बसता?"

"बसतो. चांगला मानूस हाय तुहा बाप. दवाखान्यातल्या बाईले दारापर्यंत सोडते. त्याची गाडी बंद करून आमी काय पाप घेऊ काय?"

मी परीक्षेत काय लिहिलं ते देवाला माहीत. मनात नुसती आग. चौदा माणसं रोज जीव मुठीत घेऊन बसतात आणि कोणी एक शब्द बोलत नाही, कारण माणूस चांगला. आमच्या वऱ्हाडाचं हेच. तोंडावर फटकळ म्हणून पुण्यापर्यंत नाव, आणि बोलायची वेळ आली की सगळे सांभाळून घेणार. घरी येऊन आईला विचारलं तर ती भाजी निवडत राहिली, म्हणजे तिलाही माहीत होतं. मूर्ख काय ती मीच. तीन रविवार पुराव्यासमोर बसून मी हसत होते.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला कधीतरी बारीकसा झटका येऊन गेला, त्यात दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली, परत यायची नाही. पण डॉक्टरकडे न्यायच्या आधी बाबांना कबूल करवणं भाग होतं, आणि नुसत्या बोलण्याने कबूल होतील ते आमचे बाबा कसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, मला गाडी शिकवा. ते खूश झाले. मी सायकलने पुढे गेले, मोकळ्या मैदानात चिटपाखरू नाही हे पाहिलं, आणि सायकल मधोमध स्टँडवर लावली. बाबा जीप घेऊन आले तेव्हा मी डाव्या खिडकीशी बसले. "आधी तुमी दाखवा. त्या लिंबापर्यंत सरळ न्या."

ते क्लच सांगत होते, गिअर सांगत होते. सायकल डावीकडून जवळ येत होती. मी दात आवळून गप्प बसले. आवाज फार मोठा झाला नाही. गेममध्ये याहून मोठा होतो.

बाबा इंजिन चालू ठेवूनच उतरले, पुढून वळसा घालून चाकाखाली पाहिलं. "कोणाची व सायकल?"

"माही."

"इथं कावून ठेवली?"

"तुमाले दिसते काय ते पाह्याले."

ते परत येऊन सीटवर बसले. मग माझ्यावरच उखडले. "तू बाजूले बसली होती ना? बोलली कावून नाही मंग?"

"मावशी एखाद्या दिवशी आली नाही तर कोण बोलन बाबा?"

मी भांडायच्या पूर्ण तयारीने आले होते. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही हे ते ऐकवणार, मग मी काय बोलणार, सगळं ठरलेलं होतं. पण ते समोर बघत म्हणाले, "मंगळवारी बोरगावपाशी एक पोरगी आडवी आली. शाळेची. मावशी वरडली म्हणून वाचली. मले ते पोरगी दिसलीच नाही. सगळे म्हणत, केवढीशी होती, दोन वेण्या होत्या. मले नुसती मावशीची वरड ऐकू येते."

माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे.

त्यांनी चाबीला हात लावला. तो हात तसाच राहिला, जीप थरथरत राहिली.

"तूच काढ चाबी," बाबा म्हणाले, "माह्यानं होत नाही."